सोनूबाई असेपर्यंत

गोदाने त्या घरात सून म्हणून पाऊल ठेवलं त्याच्या आधीपासून ते घर तिच्या सासूच्या नावावर होतं, आणि ही गोष्ट सासूने तिला एक दिवसही विसरू दिली नाही. चिऱ्याचं घर, वर कौलं, पुढे पडवी, परसात फणस. वेळणेश्वरचा रस्ता सोडून आत वळलं की वाडीतलं हे शेवटचं घर. सासरा मुंबईला गोदीत होता. त्याने घर बांधलं ते बायकोच्या नावावर, कारण स्वतःच्या भावांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. भाऊही तसेच होते म्हणा. गोठा तेवढा पाणंदीच्या पलीकडे, भावकीच्या सामाईक जागेत राहिला, आणि त्यावरून इतकी भांडणं झाली की शेवटी तो कुणा एकाचा झालाच नाही.

सासूचं नाव सोनूबाई. बाई कामाला वाघ आणि तोंडाने त्याहून. सुनेने भात जरा ओला केला तर सगळ्या वाडीला कळायचं. गोदाचं माहेर अलोऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिकडची माणसं कमी बोलतात असं सोनूबाईचं मत होतं, आणि कमी बोलणारी माणसं आतल्या गाठीची असतात असं त्याच्या पुढचं. गोदा ऐकून घ्यायची. नवरा भागोजी मुंबईला एका कंपनीच्या कँटीनमध्ये. शिमग्याला आणि गणपतीला यायचा, आला की आईशी बोलायचा, जाताना बायकोशी. मूलबाळ झालं नाही. त्याचाही दोष गोदाच्याच पदरात पडला; नवरा घरी असतो किती, हे कुणी विचारलं नाही. मग एका वर्षी भागोजी तिकडेच काविळीने गेला आणि दोघी बायका त्या घरात एकमेकींच्या समोर राहिल्या.

तुम्ही म्हणाल, माहेरी का गेली नाही? कुठे जाणार? भाऊ होता तो वारला, भावजय मुलाकडे कल्याणला. आणि खरं सांगायचं तर तिला जायचंच नव्हतं. लावणी, कापणी, गुरं, परसातल्या मिरच्या, यात तिचा जीव रमलेला. सासू बोलते तर बोलू दे, घर तर आपलं आहे, असं तिला वाटायचं. ते आपलं नव्हतं, सासूचं होतं. पण इतकी वर्षं ज्या जमिनीला शेण लावलं ती आपली वाटणारच माणसाला.

एका पावसाळ्यात सोनूबाई खळ्यात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. चिपळूणला नेलं, डॉक्टर म्हणाले वय झालंय, ऑपरेशन सोसायचं नाही. तेव्हापासून ती माजघरात खाटेवर. तिला उचलायचं, धुवायचं, कुशीवर वळवायचं, पेज भरवायची, सगळं गोदा करायची. सोनूबाईचं अंग गेलं, पण तोंड शाबूत राहिलं. "मीठ कमी हाय," ती म्हणायची. "हात थंड हायत तुजे." गोदा हात चुलीशी शेकून पुन्हा यायची.

सोनूबाईचा धाकटा मुलगा अनिल नालासोपाऱ्याला भाड्याच्या जागेत. मुलं मोठी झालेली, त्याला स्वतःची खोली हवी होती, आणि गावातल्या घरात आपण कधी राहायला येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने पार्टी आणली. आमच्याकडे जागा घेणाऱ्या माणसाला पार्टीच म्हणतात, मग तो एकटा का असेना. ही पार्टी म्हणजे ठाण्याचे गुप्ते. देवदर्शनाला वेळणेश्वरला येऊन येऊन त्यांना वाटलं, इथे एखादं घर घ्यावं, नीट करावं, पाहुण्यांना राहायला द्यावं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. खाटेवरची म्हातारी बघून ते स्वतःच म्हणाले, "आजींना हलवायचं नाही. त्या आहेत तोवर घर त्यांचंच."

तसं लिहूनही दिलं. गुहागरला खरेदीखताची नोंदणी झाली तेव्हा सोनूबाईला खुर्चीसकट उचलून आत नेलं होतं. बाळाची रिक्षा होती. बाळा म्हणजे शेजारचा, तोच पुढे गुप्त्यांनी घरावर लक्ष ठेवायला नेमला. वकिलाने अट वाचून दाखवली: सोनूबाई हयात असेपर्यंत आणि स्वतः त्या घरात राहत असेपर्यंत तिथे राहतील, घर सोडून कायमच्या दुसरीकडे गेल्या तर हक्क संपला, ताबा गुप्त्यांकडे. सोनूबाईला ऐकायला कमी, आणि वकिलाची भाषा धडधाकट कानालासुद्धा कळली नसती. तिने अंगठा दिला. धाकट्याला खोली मिळते आणि आपली खाट हलत नाही, एवढं तिला पुरलं.

गोदा दाराशी उभी होती. बाहेर आल्यावर तिने अनिलला विचारलं, "भावजी, नि माजं काय?"

"आई आहे तोवर तू आहेस की, वैनी," अनिल म्हणाला. "पुढचं पुढे बघू."

पुढचं पुढे बघू म्हणणाऱ्याने आधीच बघून ठेवलेलं असतं. गोदाला ते कळलं, पण ती बोलली नाही. माहेरचं वळण.

त्या दिवसापासून तिचा संसार सासूच्या श्वासावर टांगला गेला. पूर्वी सोनूबाई खोकली तर गोदा आल्याचा काढा करायची. आताही तोच काढा करायची, पण आता खोकला थांबेपर्यंत खाटेजवळून उठायची नाही. सकाळी उठली की आधी खाटेजवळ जाऊन छाती हलते का बघायची, मग चूल पेटवायची. हे वाडीच्या नजरेतून सुटतं की काय! आमच्या वाडीच्या नजरेतून काहीच सुटत नाही. कुणाच्या घरी सुका जवळा भाजला आणि कुणाच्या घरी ताजा बांगडा आला, हेही आम्ही वासावरून सांगतो.

बचत गटाच्या बैठकीत एकदा ज्ञानेश्वरी, बाळाची बायको, हसत हसत बोलली, "गोदाकाकी सासूला तुपात ठेवते. ठेवणारच बाई. म्हातारी गेली की छप्पर गेलं."

सगळ्या हसल्या. गोदाही हसली. पण ते वाक्य तिच्या मनातून जाईना. तिने सासूला आयुष्यभर सांभाळलं होतं, त्यातलं किती मायेने आणि किती नाइलाजाने, हे तिने कधी मोजलं नव्हतं. आता प्रत्येक घासाला मोजावं लागत होतं. पेजेत तूप घातलं की वाटायचं, हे आयेसाठी की घरासाठी? नाही घातलं तर वाटायचं, बोलतील म्हणून आपण म्हातारीचं तूप तोडलं. चांगल्या बाईला इतकं कानकोंडं करून सोडणारं बोलणं बोलून ज्ञानेश्वरी आपली मोकळी झाली. तिच्या लक्षातही नसेल.

असं सुरू असताना वैशाख लागला आणि गुप्त्यांचा फोन आला. घराचं काम पुढे कधीतरी काढायचं, पण वास्तुशांत तेवढी उरकून घ्यावी असं त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं. घर घेतलंय, पूजा व्हायला हवी. आजींची काही हरकत?

"करू दे की," सोनूबाई म्हणाली. "घरात होम होतोय, चांगलंच हाय."

तिने वास्तुशांत फक्त एकदा पाहिली होती, तरुणपणी, नवऱ्याने हे घर बांधलं तेव्हा. तेव्हा पाटावर ती बसली होती.

गुप्ते आणि त्यांची बायको भटजींना घेऊन आले. पडवीत होम झाला. भटजींनी दोघांना पाटावर बसवलं, संकल्पात दोघांची नावं घेतली, गोत्र घेतलं. मग माजघराच्या कोपऱ्यात जमीन उकरून खड्डा केला आणि वास्तुपुरुषाची प्रतिमा त्यात पुरली. तो कोपरा सोनूबाईच्या खाटेच्या पायथ्याशीच होता. तिला ऐकू कमी यायचं, दिसायचं मात्र सगळं. गुप्त्यांची बायको पाया पडली, तिने सोनूबाईच्या पांघरुणावर नवी साडी ठेवली, पुरणपोळीचा घास स्वतःच्या हाताने भरवला. सोनूबाईने तिच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. सगळं कसं छान झालं. संध्याकाळच्या आत मंडळी वेळणेश्वरला गेली.

सोनूबाईने त्या दिवशी पुन्हा काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदा पेज घेऊन आली तेव्हा ती म्हणाली, "ह्या घरात मी मरायची नाय."

"असं काय बोलता, आये?"

"पाटावर कोन बसलं? नाव कुनाचं घेतलं? वास्तू त्यांची झाली. लोकाच्या वास्तूत जीव सोडू काय मी?" ती जरा थांबली. दम लागायचा तिला. "जिथं जीव जातो तिथं दिवा ठेवतात. तेराव्यापर्यंत तितंच ठेवतात. त्या बाईने मला साडी नेसवली गो. तिच्या नव्या वास्तूत मी माजा दिवा लावू? तिला भरल्या घरात सुतक घालू? मला गोठ्यात ने. तो आपला हाय."

अंगठा देऊन घर गेलं तेव्हा ते तिच्या लेखी गेलं नव्हतं. कागद म्हणजे कचेरीतली गोष्ट. देवाब्राह्मणांसमोर दुसऱ्याचं नाव घेतलं गेलं, तेव्हा ते गेलं. आता यावर तुम्ही हसाल. आमच्या बाजूची जुनी माणसं हसणार नाहीत.

गोदाने तिला समजावलं. गुप्त्यांनी राहा म्हटलंय, तेच म्हणाले घर तुमचं, सगळं सांगून झालं. एक गोष्ट मात्र तिने सांगितली नाही: तुम्ही या दारातून बाहेर पडलात की माझंही इथलं संपलं. ते वाक्य कितीदा तिच्या ओठांवर आलं. पण ते बोलणं म्हणजे ज्ञानेश्वरीचं बोलणं खरं करणं. म्हातारीला मरणाच्या दारात अडवून धरलं, आणि कशासाठी, तर छपरासाठी. गोदाला ते जमेना. शरमेपायी माणूस स्वतःचं काय काय घालवून बसतो!

तिने अनिलला फोन लावला. तो वैतागला. "वैनी, वेडेपणा करू नकोस. तिला काय कळतंय आता? तिथेच राहू दे."

"त्या अन्न घेत नायत, भावजी. तुमी येऊन समजवा."

"मी येतो बघ रजा मिळाली की." मग जरा वेळाने, "हे बघ, तुला जे योग्य वाटेल ते कर." झाले हात झटकून. रजा काही मिळाली नाही.

सोनूबाई खाईना. पाणी तेवढं घ्यायची. सरकारी दवाखान्यातली नर्स येऊन गेली, म्हणाली आता थोडेच दिवस, त्यांच्या मनासारखं करा. गोदाने गोठा झाडला. गुरं विकून पाच-सहा पावसाळे होऊन गेले होते, आत गवताचे भारे आणि मोडका नांगर. तिने जमीन सारवली, भोकं पडलेल्या कुडाच्या भिंतीला गोणपाट लावलं. सारवताना तिला रडू आलं, ते कुणी बघितलं नाही. इतकी वर्षं ज्या घराला हात लावला ते सोडून ती सासूच्या मरणासाठी गोठा तयार करत होती, आणि त्यानंतर आपण कुठे, याचं उत्तर त्या सारवणात नव्हतं.

बाळा आला. खाट उचलायला त्याच्याशिवाय कोण होतं? दाराशी तो अवघडला. "काकी, एकदा नीट इचार करा. म्हातारी बाहेर गेली तर मला सायबांना कळवायला लागनार. मी न सांगून कसं चालेल?"

"कळव," गोदा म्हणाली.

त्याने आणि त्याच्या भावाने खाट उचलली. उंबऱ्याबाहेर पडताना सोनूबाईने हात जोडले. पाणंद ओलांडून खाट गोठ्यात ठेवली तेव्हा तिचा चेहरा निवला. "आता कसं," ती म्हणाली. मग डोळे मिटून वाट बघत राहिली.

आणि इथे गोदाच्या हातून एक चूक झाली. बाळाने तिच्याकडे किल्ली मागितली नव्हती. गुप्त्यांनी फोनवर चार-चारदा विचारलं होतं, "आजी परत येणार असतील तर घाई नाही. येणार आहेत का?" गोदाने नुसतं बघू म्हटलं असतं तरी दार उघडं राहिलं असतं. पण मरायला म्हणून बाहेर नेलेलं माणूस परत उंबऱ्याच्या आत आणायचं नसतं, हे तिच्या हाडात मुरलेलं. ज्या घरात आपण परत जाणार नाही त्याची किल्ली कमरेला ठेवायची तर ती चोरीच, असंही. तिने आपली भांडी, कपडे, भागोजीचा फोटो आणि पत्र्याची पेटी गोठ्यात आणली, चुलीतली राख काढली, घर झाडून घेतलं आणि किल्ली बाळाच्या हातावर ठेवली.

"सायबांना सांग, आमी परत येत नाय."

गुप्त्यांनी पावसाच्या आत काम काढायचं ठरवलं. चुकलं काय त्यांचं? गडी आले, त्यांनी कौलं उतरवून खळ्यात रचली. चूल फोडली. तिथे ओटा होणार होता. गोठ्याच्या दारातून हे सगळं दिसत होतं. गोदा त्या बाजूला पाठ करून बसायची.

सोनूबाई मेली नाही.

आधी तिने एक दिवस पेजेचं नुसतं पाणी मागितलं. मग पेज. मग पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा. गोठ्यात वारा खेळत होता म्हणून असेल, मन निवलं म्हणून असेल, तिच्या चेहऱ्यावर रंग आला. नर्स पुन्हा आली, नाडी बघितली आणि म्हणाली, आजी अजून बघतील दोन-चार दिवाळ्या. वाडीतल्या बायका बघायला येऊन गेल्या. ज्ञानेश्वरी आली होती, तिला काय बोलावं कळेना, घावन ठेवून गेली.

एका सकाळी गोदा बाहेर तीन दगडांवर पेज शिजवत होती. आतून हाक आली.

"गोदा. मेले नाय मी."

"नाय, आये."

"मग हितं कशाला ऱ्हायचं? मरायचं असलं की परत आनशील. चल घरी." तिचं अगदी साधं म्हणणं होतं, पाहुणी गेलेली बाई परत निघते तसं. "पाऊस जवळ आला. ह्या गवताच्या छपराला पानी थोपनार नाय."

गोदाने पेजेचं भांडं उतरवलं. आत जाऊन ती खाटेजवळ खाली बसली. आता लपवायचं कशाला, आणि किती दिवस?

"आये, ते घर गेलं. तुमी तितं ऱ्हात होतात तोवरच आपलं होतं. भायेर पडलो तसं संपलं. किल्ली दिली मी."

सोनूबाईला एकदा ऐकून पटलं नाही. गोदाला कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांगावं लागलं, तेच सगळं, मोठ्याने. शेजारच्या दोन घरांनाही ऐकू गेलं असेल. म्हातारीने मान वळवली.

"मी मेल्यावर तू कुटं ऱ्हानार होतीस?"

"कुटं नाय. तुमी होतात तोवरच माजं."

"म्हंजे मी तितं जितकी जगले असते तितकं तुजं छप्पर."

गोदाने मान हलवली.

"मग बोलली का नायस गो?" सोनूबाईचा आवाज चिरकला. आयुष्यभर त्या आवाजाने सुनेला टोचलं होतं, आणि आता तोच आवाज फुटत होता. "एवढी मी दिव्याचं घेऊन बसले, सुतकाचं घेऊन बसले, नि तू गप? एक शब्द बोलायचा व्हतास. ऱ्हायले असते मी. लोकाच्या तर लोकाच्या वास्तूत. पडून ऱ्हायले असते शंभर वर्सं."

"मला वाटलं, तुमी म्हनाल घरासाठी जगवते."

"म्हनाले असते," सोनूबाई म्हणाली. "म्हनाले असते मी. पन ऱ्हायले असते."

तिने पांघरूण बाजूला केलं. एक कोपर टेकून ती उठायला बघू लागली. मोडलेला पाय हलेना, तरी बघत राहिली. तिने गोदाचं मनगट धरलं. त्या हातात इतका जोर अजून असेल असं गोदाला वाटलं नव्हतं. "मला उचल. बाळाला हाक मार. मला परत तितं नेऊन टाक, माजघरात नको तर पडवीत. मी जगते तितं. तुज्यासाठी जगते. ने मला."

पाणंदीच्या पलीकडे गडी उरलेले वासे खाली देत होते. माजघरावर आता नुसतं आकाश होतं.

"आता नाय जाता येत, आये," गोदा म्हणाली.

सोनूबाईने मनगट सोडलं नाही. गोदाने दुसऱ्या हाताने तिच्या पाठीखाली उशी सरकवली, पेज थंड होईपर्यंत तशीच बसून राहिली, आणि मग एका हाताने तिला भरवू लागली.